सीमा न ओलांडता आलेला परदेशी

लेखमाला : जन्म एका देशात, पासपोर्ट दुसऱ्या देशाचा
भाग ४ : जपान

जपानमध्ये बाळ जन्मले की त्याच्या जन्माची वर्दी द्यायला चौदा दिवस मिळतात आणि जन्माचा दिवस त्यातच धरलेला असतो. ३ जूनला जन्मलेल्या बाळाची वर्दी १६ जूनपर्यंत वॉर्ड ऑफिसात पोचायला हवी. त्या कागदावर नावाचाही रकाना आहे. बाराव्या दिवशी बारसे करणाऱ्या मराठी घराला हा हिशेब जेमतेम जुळतो. १४ तारखेला पुण्याहून किंवा सांगलीहून आत्या व्हिडिओ कॉलवर नाव उच्चारणार, आणि पुढच्या दोन दिवसांत बाबा ते नाव काताकाना लिपीत लिहून खिडकीवर देणार. सव्वा महिन्यानंतर बारसे करण्याची रीत असलेल्या घरांनी मात्र नाव आधीच पक्के करून ठेवलेले बरे. बारसे सावकाश झाले तरी चालते, कागद थांबत नाही.

टोकियोच्या एदोगावा वॉर्डातील निशी-कासाई हा भाग भारतीयांची वस्ती म्हणून ओळखला जातो. २००० सालाच्या आसपास संगणक अभियंते इथे येऊ लागले, पुढे त्यांचे संसार मांडले गेले. पुण्यातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभागृहात निवडून आले. तरीही इथे जन्मणाऱ्या भारतीय बाळाचा पहिला महिना कायद्याच्या नजरेत मोठा नाजूक असतो.

त्याचे कारण साधे आहे. इमिग्रेशनचे सगळे कायदे प्रवेशाभोवती रचलेले असतात. माणूस बाहेरून येतो, पासपोर्ट दाखवतो, शिक्का उमटतो, आणि त्या शिक्क्यापासून त्याचे दिवस मोजले जातात. बाळ यातल्या कशातूनच जात नाही. सीमा न ओलांडताच ते देशात हजर होते. मागच्या भागात पाहिलेल्या कॅनडात हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही, कारण तिथे जन्मलेले बाळ जन्मतःच नागरिक असते. जपानचा कायदा रक्ताच्या नात्यावर चालतो. आईवडिलांपैकी एक जण जपानी असेल तरच मूल जपानी. १९८५ पूर्वी तर फक्त वडिलांचे नागरिकत्व पाहिले जाई. आईवडील दोघेही अज्ञात असतील किंवा दोघांनाही कुठल्याच देशाचे नागरिकत्व नसेल, तर जपानमध्ये जन्मलेले मूल जपानी ठरते. दोन भारतीयांचे बाळ या अपवादात बसत नाही. टोकियोत पहिला श्वास घेणारे ते मूल पहिल्या श्वासापासून परदेशी असते.

मग ते तिथे राहते कोणत्या अधिकाराने? जपानी कायद्याने यासाठी साठ दिवसांची सवलत ठेवली आहे. या काळात बाळाला वास्तव्याचा कोणताही दर्जा लागत नाही. मात्र साठ दिवसांनंतरही देशात राहायचे असेल, तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत इमिग्रेशन कचेरीत दर्जा मिळण्यासाठी अर्ज करावा लागतो. साठ दिवस राहण्याचे आणि तीस दिवस अर्जाचे, या दोन आकड्यांची गल्लत होणे सहज शक्य आहे. ती परवडत नाही. साठ दिवस उलटले आणि दर्जा नसेल, तर दोन महिन्यांचे तान्हे बाळ बेकायदा राहणारे ठरते. निवासी म्हणून झालेली त्याची नोंदही पुसली जाते, आणि त्या नोंदीवर टेकलेल्या गोष्टी डळमळीत होतात.

या सगळ्याची सुरुवात वर्दीपासून होते. जपानी दवाखाने बाळंतिणीला साधारण पाच-सहा दिवस ठेवून घेतात, म्हणजे चौदातले तेवढे दिवस तिथेच संपतात. निघताना हातात एक मोठा आडवा कागद पडतो. त्याच्या उजव्या अर्ध्या भागात डॉक्टरने किंवा सुईणीने भरलेला जन्माचा दाखला असतो. डावा अर्धा आईवडिलांनी भरायचा ‘शुस्सेई तोदोके’, म्हणजे वर्दी. बाळाचा जन्म जपानी सम्राटाच्या कालगणनेत लिहायचा, २०२५ असेल तर ‘रेइवा ७’. ‘होन्सेकी’ नावाच्या रकान्यात जपानी माणूस आपल्या कुळनोंदीचे ठिकाण लिहितो. भारतीय आईवडील तिथे आपल्या देशाचे नाव लिहितात. वर्दी सुट्टीच्या दिवशीही घेतली जाते, पण दाखले कचेरीच्या वेळातच मिळतात. त्यामुळे कामाच्या दिवशी सकाळी गेलेले चांगले. सोबत आईला गरोदरपणात मिळालेली ‘बोशि तेच्यो’ ही माता-बाल आरोग्यपुस्तिका न्यावी, वर्दी घेतल्याची नोंद तिच्यातही करून मिळते. तान्ह्या मुलासाठी सरकारकडून दरमहा १५,००० येन मिळतात. त्याचा अर्ज त्याच फेरीत उरकावा, कारण त्यालाही जेमतेम पंधरा दिवसांचीच मुदत आहे.

नावापाशी जरा थांबायला हवे. काताकाना लिपीत जोडाक्षरे सुटी होतात. ‘ल’ आणि ‘र’ यांना एकच अक्षर आहे, ‘ळ’ला अक्षरच नाही. कमल आणि कमर ही दोन नावे तिथे एकसारखी दिसतील. म्हणून काताकानाच्या जोडीला रोमन अक्षरांतले नाव लिहून द्यावे, आणि त्याचे स्पेलिंग पुढे पासपोर्टवर येईल तेच असावे. मराठी नावाची दुसरी अडचण मधल्या नावाची आहे. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही आपली त्रिपदी. वर्दीत वडिलांचे नाव गाळले आणि पासपोर्टच्या अर्जात घातले, तर एकाच बाळाची दोन नावे कागदोपत्री तयार होतात. बँकेत, शाळेत, विमा कंपनीत, जिथे जाल तिथे मग हा खुलासा करत बसावे लागते. डोहाळजेवणाच्या सुमारासच नवराबायकोने एका कागदावर रोमन लिपीत पूर्ण नाव लिहून त्यावर एकमत करावे, मुलासाठी एक आणि मुलीसाठी एक. आत्याला हवे तर नाव शेवटपर्यंत सांगू नये, पण स्पेलिंग ठरलेले असावे.

वर्दी दिली की बाळ ‘जूमिनह्यो’ या निवासी नोंदीत चढते. परदेशी माणसांची नावे या नोंदीत २०१२ च्या जुलैपासून येऊ लागली. बाळाच्या नावापुढे शेरा असतो तो जन्मामुळे तात्पुरता राहणारा, अशा अर्थाचा. हा उतारा आणि वर्दी स्वीकारल्याचा दाखला घेऊन पुढचा मुक्काम इमिग्रेशन कचेरीत. टोकियोतल्या मराठी माणसांच्या बोलण्यात तिचे नाव नुसते ‘शिनागावा’.

पुष्कळ जण अडखळतात ते नेमके इथे. घरातल्या मोठ्यांचा आयुष्यभराचा अनुभव असा की आधी पासपोर्ट, मग व्हिसा. त्यामुळे बाळाचा पासपोर्ट आल्यावर शिनागावाला जाऊ, असा विचार स्वाभाविकपणे होतो. भारतीय दूतावासातून पासपोर्ट यायला काही आठवडे जातात आणि तीस दिवस हातचे निसटतात. वास्तविक बाळाचा पासपोर्ट अजून नाही एवढ्यावरून जपानी इमिग्रेशन हा अर्ज अडवत नाही. पासपोर्ट का नाही ते सांगायचे, जन्माचे कागद जोडायचे, आईवडिलांचे पासपोर्ट, रेसिडेन्स कार्डे आणि कमावत्या पालकाच्या नोकरीचे व कराचे दाखले दाखवायचे. क्रम लक्षात ठेवावा: वर्दी, मग दर्जा, मग पासपोर्ट. एवढे एकच वाक्य या भागातून लक्षात राहिले तरी पुरे.

बाळाला तिथे घेऊन जावे लागत नाही. आई किंवा वडील त्याच्या वतीने अर्ज करतात, आणि या अर्जाला शुल्कही नाही. नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या मुलाला अवलंबित कुटुंबीयाचा दर्जा मिळतो, ज्याला सगळे ‘डिपेंडंट’ म्हणतात. त्याची मुदत साधारणपणे पालकाच्या मुदतीशी बांधलेली असते. पालकाचे कार्ड चार महिन्यांत संपणार असेल, तर बाळाचेही लवकरच नूतनीकरणाला येणार. कायम वास्तव्य मिळालेल्या पालकांनी तर तीस दिवसांची मुदत डोळ्यांत तेल घालून सांभाळावी. त्या मुदतीत त्यांना बाळासाठी थेट कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. संधी हुकली की दुसऱ्या, मुदतीच्या दर्जावर समाधान मानावे लागते, आणि कायम वास्तव्यासाठी पुढे वेगळा अर्ज करण्याची वेळ येते.

आणखी एक मोह टाळावा. साठ दिवसांच्या आत बाळाला घेऊन भारतात जायचेच आहे, मग दर्जा कशाला, असे वाटू शकते. दर्जा न घेता बाळ बाहेर पडले तर नियम मोडत नाही, पण परत येताना ते नवखा परदेशी म्हणूनच येते आणि त्याला नव्याने व्हिसा काढावा लागतो. दर्जा, रेसिडेन्स कार्ड आणि पासपोर्ट तिन्ही हातात असतील, तर बाहेर जाऊन वर्षभरात परतण्यासाठी वेगळ्या परवान्याची गरज पडत नाही.

आता भारताची बाजू. परदेशात जन्मलेल्या भारतीयांच्या मुलाला १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे चौथे कलम लागू होते. वंशाने नागरिकत्व मिळते, हे खरे. पण ३ डिसेंबर २००४ पासून त्याला एक अट जोडली गेली: जन्माची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत झाली पाहिजे. वर्ष उलटल्यावर नोंद करायची तर केंद्र सरकारची परवानगी लागते. शिवाय मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे आईवडिलांनी लिहून द्यावे लागते. म्हणजे पासपोर्ट हे निव्वळ प्रवासाचे पुस्तक आहे, बाळ इतक्यात कुठे जाणार नाही, तेव्हा घाई कसली, हे म्हणणे चुकीचे आहे. दूतावासातल्या त्या नोंदीवर त्याचे भारतीयत्व उभे असते. त्या वर्षभरात बाळाला जपानने आपले मानलेले नसते आणि भारताने अजून नोंदवलेले नसते. दोन्ही देश शांत आणि सुव्यवस्थित असूनही एक मूल काही काळ दोन्हींच्या मधल्या फटीत असते, याचा विचार आईवडिलांनी गांभीर्याने करायला हवा.

पासपोर्टच्या कामात सर्वांत जास्त धीर लागतो तो फोटोला. पांढरी चादर अंथरून त्यावर बाळाला निजवायचे, वरून फोटो काढायचा, डोळे उघडे हवेत, आईचा हात दिसता कामा नये. सहीच्या जागी बाळाच्या अंगठ्याचा ठसा. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, कारण तोवर चेहरा पार बदललेला असतो.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आजही अनेक घरे पाळतात. ती पाळायला हरकत काहीच नाही, फक्त कागदांची वाट बदलते. बाळ पुण्यात जन्मले तर जन्मनोंद २१ दिवसांत करायची आणि नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येते, म्हणजे बारसे निवांत. पण ते बाळ जपानला जाणार ते सीमा ओलांडूनच. त्यासाठी टोकियोतल्या वडिलांनी इमिग्रेशनकडे पात्रतेचे प्रमाणपत्र मागायचे, ज्याला ‘सीओई’ म्हणतात. ते यायला एक ते तीन महिने धरावेत. त्याआधी बाळाचा पासपोर्ट, त्यानंतर व्हिसा. बाळाचे पहिले काही महिने वडिलांना फोनवरच पाहावे लागतात. उलट जपानमध्येच बाळंतपण करायचे ठरवले, तर आजीला बोलवावे लागते. तिचा अल्पमुदतीचा व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा, आणि अवलंबित दर्जा फक्त जोडीदाराला आणि मुलांना मिळतो, आईवडिलांना नाही. आजीचे तिकीट काढताना त्यातले दिवस बाळंतपणाच्या आधी किती आणि नंतर किती, हे नीट मोजावे. पहिला महिना कागदांच्या फेऱ्यांचा असतो, तेव्हा घरात तिसरे माणूस हवेच.

भारत आणि जपान यांच्या मधे बाळ अडकल्याचे एक गाजलेले उदाहरण आहे, ते मात्र उलट दिशेचे. २००८ च्या जुलैमध्ये गुजरातमधील आणंद इथे एका जपानी जोडप्याचे बाळ सरोगसीतून जन्मले. जन्माआधीच जोडप्याचा घटस्फोट झाला होता. आई म्हणून कागदावर कोणाचे नाव घालायचे हे ठरेना, त्यामुळे पासपोर्ट कोणत्या देशाने द्यायचा हेही ठरेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर भारताने पासपोर्टऐवजी ओळखपत्रवजा प्रवासाचा कागद दिला, जपानने माणुसकीच्या भूमिकेतून व्हिसा दिला, आणि बाळ आजीच्या कडेवर बसून घरी गेले. एरवी सरळ वाटणारा जन्माचा दाखला किती ओझे वाहतो, हे त्या काही महिन्यांत दोन्ही देशांना दिसले.

शेवटचे काम बाळ महिन्याचे झाल्यावर करायचे आहे आणि त्याला मुदत नाही, म्हणूनच ते राहून जाते. जपानी माणसाचा जन्म ‘कोसेकी’ या कुळनोंदीत लिहिला जातो आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. परदेशी माणसाला कोसेकी नसते. त्याच्या जन्माचा पुरावा म्हणजे वॉर्ड ऑफिसात ठेवलेली ती वर्दी, आणि ती जपून ठेवण्याची कायदेशीर मुदत दहा वर्षांची आहे. अकराव्या वर्षी शाळेच्या प्रवेशासाठी किंवा पुढे नोकरीच्या वेळी दाखला मागायला गेले, तर द्यायला कागदच उरलेला नसण्याची शक्यता असते. वर्दीतील नोंदींचा दाखला ३५० येनला मिळतो. त्याच्या चार-पाच प्रती घ्याव्यात, इंग्रजी भाषांतर करून घ्यावे, एक प्रत भारतातल्या घरी आजोबांच्या कपाटात पाठवून द्यावी.

(पुढील भागात : दुबईत जन्मलेल्या बाळाचे १२० दिवस)