मांजरासाठी लाकडी धावचाक

मांजराचे धावचाक म्हणजे त्याला आत शिरून जागच्या जागी पळता येईल असे मोठे, पोकळ कडे. मांजर तळापासून थोडे पुढे चढते, त्याच्या वजनाने तो भाग खाली येतो आणि चाक फिरू लागते. मोटार लागत नाही. प्राणी पिंजऱ्याच्या कंटाळ्यानेच चाकात पळतात, हा समज पुरता खरा नाही. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाच्या संशोधकांनी उघड्यावर चाके ठेवली, तेव्हा रानउंदीर आपणहून येऊन पळाले. बेडूक आणि गोगलगायीही चढल्या. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला.

सगळी भिस्त व्यासावर असते. चाक लहान असले की पळताना मांजराचा कणा उलटा वाकतो. पूर्ण वाढलेल्या मांजरासाठी आतला व्यास ११० सेंमीच्या आसपास हवा. प्लायवूडचा आठ बाय चार फुटांचा तक्ता म्हणजे २४४ बाय १२२ सेंमी. त्यातून १२० सेंमी व्यासाच्या दोन रिंगा बरोबर निघतात. प्लाय १८ मिमी जाडीचा, पावसाळी दमटपणात टिकेल असा बीडब्ल्यूआर प्रतीचा घ्यावा. वर्तुळ आखायला दोरी नको, ती ताणली जाते. एका टोकाला खिळा आणि दुसऱ्याला पेन्सिल असलेली लाकडी पट्टी बरी. रिंगेची रुंदी ५ सेंमी ठेवून जिगसॉने कापावे. आतून निघालेल्या तबकड्या बैठकीसाठी वापरता येतात.

दोन रिंगांमध्ये साधारण ३० सेंमी अंतर ठेवून आतल्या कडेवर आडव्या पट्ट्या बसवायच्या. चार सेंमी रुंदीच्या सुमारे ८५ पट्ट्या लागतात. त्या हलक्या हव्यात, कारण जड चाक मांजर थांबल्यावरही फिरत राहते आणि त्याला मागे वर ओढून नेते. इथे भिवंडीकर सुतार फायद्यात असतो. पूर्णा, राहनाळ, माणकोली या गोदामपट्ट्यातून पाइनची जुनी पॅलेट भंगारात निघतात, आणि पाइन हलकेच असते. खिळे एकूण एक उपटून, फळ्या चिरून, रंधून ८ ते १० मिमी जाडीवर आणाव्यात.

मात्र दिसेल ते पॅलेट उचलू नये. निर्यातीच्या पॅलेटवर शिक्का असतो: ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केलेले, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले. पहिले चालेल, दुसरे टाळावे. तेला-रसायनाचे डाग असलेले लाकूडही नको. वाळवीचे औषध मारलेल्या लाकडाच्या तर वाटेलाच जाऊ नये. अशा औषधांत वापरले जाणारे पर्मेथ्रिन माणसाला सोसते, मांजराला ते विषारी ठरते.

प्लायच्या कडेत थेट स्क्रू मारला तर थर फाटतात, म्हणून आधी बारीक भोक पाडून फेव्हिकॉल लावून पट्टी कसावी. पट्ट्यांमध्ये फट ठेवू नये, बोट अडकते. आत पातळ रबर मॅट किंवा कापीव लोकरीचा गालिचा चिकटवावा. वेटोळ्या धाग्यांच्या गालिच्यात नखे गुंततात.

मधला आस आणि आरे टाळलेलेच बरे, कारण फिरत्या आऱ्यांत मान किंवा शेपूट सापडू शकते. चाक खालून चार रबरी रोलरवर बसवावे, प्रत्येक रिंगेखाली दोन, एकमेकांपासून सुमारे ६० सेंमीवर. त्याहून फार जवळ आले तर चाक डगमगते. रोलरमध्ये स्केटच्या चाकातले ६०८ नंबरचे बेअरिंग चालते. रिंग बाजूला सरकू नये म्हणून बैठकीला दोन्हीकडे अडसर लावावेत आणि रोलरजवळ पंजा जाऊ नये म्हणून ती जागा झाकावी.

बसवल्यावर रिकामे चाक चार-पाच वेळा फिरवून पाहावे. दर वेळी तोच भाग खाली येऊन थांबला, तर तिथे वजन जास्त आहे. समोरच्या बाजूला वॉशर लावत तोल साधावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळले तर चाक झोके खाते आणि मांजर बुजते.

दहा बाय बाराच्या खोलीत हे चाक एक अख्खा कोपरा अडवते, त्यामुळे जागा आधी मोजावी. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला चेकाळते, म्हणून बैठकीखाली रबर हवे. खालच्या मजल्यावरही कोणी झोपलेले असते. सुरुवातीला चाक पाचर मारून स्थिर ठेवावे, आत सुक्या मासळीचा तुकडा ठेवावा, मग काही दिवसांनी खेळण्याच्या पिसामागे दोन-चार पावले चालवावे. मांजराला उचलून आत सोडून चाक फिरवणे साफ चूक. एकदा घाबरले की ते फिरकत नाही. काही मांजरे त्यात नुसती झोपतात, त्यावर इलाज नाही. महिन्यातून एकदा स्क्रू कसावेत आणि नखांनी उसवलेला गालिचा बदलावा.