परदेशातील सार्वजनिक आरोग्य शिक्षण आणि शिष्यवृत्त्या

सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमपीएच, ब्रिटनमध्ये साधारण एका वर्षात आणि अमेरिकेत बहुधा दोन वर्षांत पूर्ण होते. खर्च मात्र लाखांत जातो. महाराष्ट्रातील अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना सामाजिक न्याय विभागाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचा आधार आहे. दरवर्षी ७५ जागा. शिक्षण शुल्क, निर्वाहभत्ता, विमानभाडे आणि आरोग्य विमा सरकार भरते. लंडनच्या घरभाड्यापुढे हा भत्ता तोकडाच पडतो. इतर मागास, मराठा व आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या योजना आहेत.

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधल्या अर्जदाराची खरी कसोटी कागदपत्रांत लागते. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. घराणे कामधंद्यासाठी नंतर इथे आले असेल, तर आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मूळ गावाहून काढून आणावा लागतो.

जातीची अट नसलेल्या शिष्यवृत्त्यांत ब्रिटनची चिव्हनिंग दोन वर्षांचा, तर फुलब्राइट-नेहरू तीन वर्षांचा कामाचा अनुभव मागते. १८९२ पासूनची जे. एन. टाटा एन्डाउमेंट ही कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे. ती फेडावी लागते.