रॉकेलची बत्ती तंबूबाहेरच का?

रॉकेलच्या बत्त्या मुख्यतः दोन प्रकारच्या. कंदिलात वात रॉकेल वर ओढते. पेट्रोमॅक्समध्ये पंपाच्या दाबाने चढलेल्या रॉकेलची तापून वाफ होते आणि ती मेंटलवर जळते. दोन्हींत पेट्रोल वर्ज्य. भारतीय मानकानुसार रॉकेलची पेट घेण्याजोगी वाफ ३५ अंश सेल्सिअसखाली तयार होता कामा नये. पेट्रोलची उणे ४० अंशांच्या आसपासही होते. ‘थोडे मिसळले तर काय बिघडते?’ या प्रश्नाचे उत्तर याच आकड्यांत आहे.

तंबूची चेन थोडी उघडी ठेवली की बत्ती आत चालते, हा समज त्याहून घातक. अपुऱ्या हवेत ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. वारा पडला की फटीतून हवा खेळत नाही आणि झोपलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. शिवाय नायलॉनचे कापड काचेच्या नुसत्या धगीनेही वितळते. थंडीमुळे बत्ती आत घ्यावीशी वाटते हे खरे, पण थंडीवर उपाय जाड पांघरूण. आत उजेडाला बॅटरी पुरते.

बत्ती सपाट दगडावर, तंबूपासून दूर ठेवावी. रॉकेल भरायचे ते विझवून, टाकी हाताला थंड लागल्यावरच. डोके दुखणे, मळमळ, गुंगी जाणवल्यास सर्वांना आधी मोकळ्या हवेत आणावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी क्रमांक १०८.