मागावरून उठलेल्या मुली

इस्तंबूल : इथं गालिच्याचं दुकान शोधावं लागत नाही. सुलतानअहमद चौकात निळ्या मशिदीकडे मान वर करून उभं राहिलं की कुणीतरी गोड इंग्रजीत विचारतं, कुठून आलात? इंडिया म्हटलं की शाहरुख खान, आणि पुढच्या वळणावर त्याच्या काकांचं दुकान. विक्री झाली तर या पुतण्याला कमिशन. परदेशी पाहुण्यांना बीबीच्या मकबऱ्याहून थेट हिमरू कापडाच्या दुकानात नेऊन सोडणारे रिक्षावाले ज्यांनी पाहिलेत, त्या संभाजीनगरकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. मी पुतण्यांना चुकवून, ओळखीतून, चेंबर्लिताशच्या मागच्या गल्लीतल्या एका घरगुती दुकानात गेले.

कुटुंब मूळचं कायसेरीचं. कायसेरीचा व्यापारी म्हणजे काय, हे सांगणारा विनोद तुर्कस्तानात सगळ्यांना पाठ आहे : तिथल्या पोराने बापाचं गाढव चोरलं, रंगवलं आणि बापालाच परत विकलं. दुकानदारांनी तो स्वतःच सांगितला. वडील गल्ल्यावर, थोरला मुलगा गिऱ्हाइकाशी बोलायला, धाकटा गुंडाळ्या उलगडायला. चहा आला तो निमुळत्या कंबरेच्या छोट्या काचेच्या पेल्यातून, काळा, बिनदुधाचा. सफरचंदाचा चहा पर्यटकांसाठी. घरचे लोक काळ्या समुद्राकाठच्या रिझेचाच पितात.

कोपऱ्यात चष्मा नाकावर ओढून एक उस्ता, म्हणजे मुरलेला कारागीर, बसला होता. तो अक्सराय प्रांतातल्या सुलतानहानीचा. ते गावच गालिच्यांच्या दुरुस्तीसाठी नावाजलेलं. त्याच्या पुढ्यात कसरीने खाल्लेला एक तुकडा होता, तळहाताएवढं भोक पडलेला. आधी त्याने तुटलेले उभे धागे एकेक करून नव्याने ताणले. मग आकड्याच्या सुईने लोकर दोन उभ्या धाग्यांभोवती फिरवून मधून ओढली, कापली, पुढची गाठ. ही दुहेरी गाठ तुर्की पद्धतीची. इराणी गाठीत लोकर एकाच धाग्याला पूर्ण वेढा घालते. लोकरही नवी नव्हती. जुन्या, वाया गेलेल्या किलिमची, म्हणजे त्यांच्या सतरंजीची, उसवून काढलेली. नाहीतर मंजिष्ठेचा लाल रंग शेजारच्या लालाशी जुळत नाही. अर्ध्या तासात बोटभर जागा भरली.

थोरल्याने मग एक रेशमी गालिचा उलटा केला. गालिचा पाठीकडून बघायचा असतो, पुढून सगळेच देखणे. हा हेरेके गावचा. सुलतान अब्दुलमजीद पहिला याच्या काळात, 1843 साली, तिथं दरबाराचा विणकाम कारखाना निघाला आणि 1891 पासून राजवाड्यांसाठी गालिचे विणले जाऊ लागले. उत्तम रेशमी हेरेकेत एका चौरस सेंटिमीटरमध्ये शंभर गाठी बसतात, म्हणजे चौरस मीटरला दहा लाख. चीनमध्येही हुबेहूब हेरेके विणले जातात, कोपऱ्यातल्या नावासकट. ‘आमच्या गल्लीतही मिळतील,’ तो म्हणाला. त्याच्याकडे आहेत का, हे मी विचारलं नाही.

मी औरंगाबादची, आता छत्रपती संभाजीनगर, हे सांगून उपयोग झाला नाही. वेरूळ-अजिंठाही त्यांना ठाऊक नव्हतं. पण हैदराबादचा निजाम म्हटल्यावर वडील सावरून बसले. मग मी ती गोष्ट सांगितली. शेवटचा खलिफा अब्दुलमजीद दुसरा याला मार्च 1924 मध्ये दोल्माबाहचे राजवाड्यातून रातोरात देशाबाहेर काढलं. त्याची मुलगी दुर्रुशेहवार 1931 मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात निजामाच्या थोरल्या मुलाला दिली. खलिफा 1944 साली पॅरिसमध्ये वारला आणि दहा वर्षांनी त्याला मदिनेत दफन केलं. त्याच्यासाठी खुलताबादजवळ बांधलेली कबर मात्र रिकामीच राहिली. भिंतीवरच्या अतातुर्कच्या तसबिरीखाली बसून वडिलांनी हे सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, कबरीची देखभाल कोण करतं?

आता मुद्द्याचं. हेरेकेसारखे दरबारी कारखाने सोडले तर अनातोलियाचा गालिचा कारखान्यात नव्हे, घरात विणला गेला, आणि विणला बायकामुलींनी. लग्नाआधी मुलीने आपल्या रुखवताचे गालिचे स्वतः विणायचे. कमरेवर हात ठेवलेल्या बाईची आकृती, मेंढ्याची शिंगं, दृष्ट लागू नये म्हणून डोळा, या सगळ्या खुणा तिथल्याच. या श्रमाची मजुरी कुणी मोजली नाही. दुकानात ज्याला ‘जुना, अस्सल, गावातला माल’ म्हणतात, तो बहुतांशी या न मोजलेल्या मजुरीचा आहे.

तो शहरात आला कसा? वडील तरुणपणी ट्रकमध्ये यंत्रावरचे नवे, भडक रंगांचे गालिचे भरून खेडोपाडी जायचे आणि बदल्यात जुने घेऊन यायचे. आपल्याकडे दारावर जुन्या साड्यांवर स्टीलची भांडी देणाऱ्या बायका येतात, तसाच व्यवहार. गावकरी खूश, आणि मशिदीतले जुने गालिचेही असेच बदलून मिळत म्हणून इमामही खूश.

पुढे मुली मागावरून उठल्या. काही शहरांत गेल्या, काही कारखान्यांत, बऱ्याच शाळेत. 1997 मध्ये सक्तीचं शिक्षण आठ वर्षांचं झालं, 2012 मध्ये बारा वर्षांचं. गालिचा संपत चालला म्हणून हळहळणारे पाहुणे मी या दुकानातही पाहिले. मला ती हळहळ पटत नाही. चौदा वर्षांची मुलगी गाठी मारत बसली नाही तर नुकसान झालंच कुणाचं? 1981 मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ हाराल्ड ब्योमर यांच्या पुढाकाराने आयवाजिकच्या खेड्यांत वनस्पतिज रंग परत आणण्याचा प्रकल्प सुरू झाला. पुढे युन्तदाग भागात बायकांची सहकारी संस्थाही उभी राहिली. काम टिकवायचं तर असं, दाम मोजून. आमच्या हिमरूचं दुखणं वेगळं : तो पुरुष कारागिरांनी मागावर विणला, पण पोटापुरतं मिळेना म्हणून त्यांचीही पोरं मागावर बसली नाहीत.

किमतीच्या चिठ्ठ्या युरोत होत्या. 2021 च्या सुरुवातीला डॉलरला साडेसात लिरा पडत, तीन वर्षांनी तीसच्या आसपास. लिरात किंमत लिहिली तर चिठ्ठी सारखी बदलावी लागेल. त्यामुळे या दुकानात तुर्की गिऱ्हाईक फारसं येतच नाही. निघताना मी थोरल्याला विचारलं, तुमच्या घरी काय अंथरलंय? तो हसला. गाझीआंतेपचा, यंत्रावरचा. बायको म्हणते, पोरं चहा सांडतात, आणि धुणारे फोन केल्यावर गाडी घेऊन येतात, गुंडाळी नेतात, वाळवून परत आणून देतात. हेरेके त्यांच्या हाती कोण देणार?