स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांनी रोज मोठ्याने वाचलं तर? जपानच्या प्रयोगात काय दिसलं

जपानमधील तोहोकु विद्यापीठाचे मेंदूतज्ज्ञ र्‍युता कावाशिमा यांच्या गटाने अल्झायमर असलेल्या ३२ वृद्धांचा अभ्यास केला. त्यातल्या १६ जणांना सहा महिने, आठवड्यातून २ ते ६ दिवस, मोठ्याने वाचन आणि सोपी गणितं करायला दिली. उरलेल्या १६ जणांना यातलं काहीच नव्हतं. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेंदूच्या पुढच्या भागाचं काम तपासणाऱ्या चाचणीत वाचणाऱ्या गटाचे गुण सुधारले होते.

मोठ्यानेच का? मनात वाचताना ओळ सुटली तरी कळत नाही. मोठ्याने वाचताना अक्षर ओळखायचं, उच्चारायचं, स्वतःचा आवाज ऐकायचा, हे सगळं एकदम करावं लागतं. रोज पोथी वाचणाऱ्या आजींना यात नवीन काही वाटणार नाही!

मात्र प्रयोग लहान होता. वाचनाला गणिताची जोड होती, त्यामुळे सगळं श्रेय पुस्तकाला देता येत नाही. वाचनाने आजार बरा होत नाही, गोळ्याही बंद करायच्या नाहीत. नेहमीचा रस्ता चुकू लागला असेल, तर आधी डॉक्टरांकडे न्या.

घरी सुरुवात करायची तर सोपा मजकूर, मोठी अक्षरं आणि समोर ऐकणारं कुणीतरी हवं. वाचायला नकोच म्हणत असतील, तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या. कधी कधी अडचण तिथेच असते.