माहिती व्यवस्थेचा अभ्यास : कामाच्या जागी बसून

एखाद्या कचेरीत संगणक बसवावयाचा असला म्हणजे प्रथम तेथील नोंदवह्या, नमुने व परिपत्रके गोळा केली जातात आणि कोणता कागद कोठून कोठे जातो याचा तक्ता तयार होतो. काम कसे व्हावे, हे तो तक्ता सांगतो. ते प्रत्यक्षात कसे होते, हे त्यात क्वचितच उतरते. ही उणीव भरून काढण्यास मानववंशशास्त्रातील सहभागी निरीक्षणाची पद्धत उपयोगी पडते. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी १९१५ ते १९१८ या काळात ट्रोब्रिआंड बेटांवर लोकांत राहून, त्यांची भाषा शिकून ती रूढ केली.

लंडनजवळ वेस्ट ड्रेटन येथे विमान वाहतूक नियंत्रण केंद्र होते. १९९० च्या सुमारास लँकेस्टर विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञांनी तेथील नियंत्रकांच्या शेजारी बसून त्यांचे काम पाहिले. प्रत्येक विमानाची एक छापील कागदी पट्टी असे. तीवर विमानाचे संकेतनाम, मार्ग, उंची व वेळ दिलेली असे. वैमानिकाला दिलेली सूचना नियंत्रक त्याच पट्टीवर हाताने लिही. एखाद्या विमानाकडे विशेष लक्ष हवे असले तर पट्टी रांगेतून किंचित बाहेर सरकविली जाई. शेजारच्यास तेवढ्याने समजे. पट्ट्या क्रमाने लावण्याचे काम यंत्राकडे सोपविणे बाहेरून अगदी स्वाभाविक वाटे. निरीक्षणात निराळेच दिसले. पट्टी हाताने जागी लावतानाच दोन विमाने एकाच वेळी, एकाच उंचीवर, एकाच ठिकाणी येत असल्यास ते नियंत्रकाच्या ध्यानात येई. जे कष्ट वाचवावयाचे, त्यांतच सुरक्षिततेची तपासणी दडलेली होती.

आपल्याकडील तलाठ्यांच्या हस्तलिखित दप्तरातही असा एक संकेत होता. फेरफार प्रमाणित होईपर्यंत सात-बारावरील नोंद पेन्सिलीने, आणि प्रमाणित झाल्यावर शाईने. छापील अक्षरात हा भेद उरत नाही; म्हणून संगणकीकृत उताऱ्यावर प्रलंबित फेरफारांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागतो.

या पद्धतीस प्रश्नावली पुरत नाही. कर्मचाऱ्यास विचारले असता तो बहुधा नियमच सांगतो, आणि त्यात लबाडी नसते. हातवळणी पडलेली गोष्ट शब्दांत आणणे अवघड असते. म्हणून निरीक्षकाने अनेक दिवस तेथे बसावे, गर्दीच्या वेळा चुकवू नयेत, टिपणे त्याच दिवशी पूर्ण करावीत. अमेरिकेत छायाप्रत यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचा अभ्यास ज्युलियन ऑर यांनी केला. बिघाडाचे ज्ञान पुस्तिकेपेक्षा तंत्रज्ञांच्या आपसांतील गप्पांतून अधिक फिरते, असे त्यांना दिसून आले. जेवणाची सुट्टीही म्हणूनच निरीक्षणातून वगळता येत नाही.

अडचण वेळेची आहे, तशीच विश्वासाचीही. कामाची सोय म्हणून नियमाला घातलेली मुरड निरीक्षकाच्या वहीत येते. तीच वही उद्या खुलासा मागविण्यासाठी वापरली जाऊ शकते. यास्तव टिपणांत नावे नसावीत, आणि ती वरिष्ठांच्या हाती जाणार नाहीत हे काम सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरवावे. एकदा खुलासा मागविला गेला, की दुसऱ्या दिवसापासून निरीक्षकास सर्व काम परिपत्रकाबरहुकूम चाललेले दिसेल.