बोक्याच्या पुढ्यातून कोंबडी

भर दुपारी कोकणातल्या एखाद्या वाडीत डोकावा. पडवीत बोका ऐसपैस पसरलेला असतो आणि त्याच्या शेपटीपासून हातभर अंतरावर कोंबडी माती उकरत असते. तो एक डोळा किलकिला करतो, पुन्हा मिटतो. ती ढुंकूनही बघत नाही. लहानपणापासून बघत आलो म्हणून आपल्याला याचं काही वाटत नाही. पण जरा थांबून विचार केला तर चकित व्हायला होतं. एकीकडे निष्णात शिकारी, दुसरीकडे धड उडताही न येणारा पक्षी, मध्ये ना कुंपण ना जाळी. मग बोका झडप का घालत नाही?

पहिलं उत्तर वजनात आहे. घरमांजराचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतलं रानमांजर. ते एकट्याने शिकार करतं. त्याला कळप नाही. पंजा दुखावला तर घास आणून देणारं कुणी नाही. म्हणून मांजराची नजर आपल्यापेक्षा कितीतरी लहान सावजावर असते: उंदीर, पाल, सरडा, चिमणी. घरात फिरणारा लहान उंदीर जेमतेम 20 ग्रॅमचा असतो. मांजर तीन-चार किलोचं, तर गावरान कोंबडी सव्वा-दीड किलोची. तिला चोच आहे, नखं आहेत, पंखांचा फटकारा आहे. एका जेवणासाठी डोळा पणाला लावणं मांजराला परवडत नाही.

अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं पिल्लू मात्र 35-40 ग्रॅमचं असतं. जवळपास उंदराच्या मापाचं! शिवाय ते तुरुतुरु पळतं आणि बारीक आवाजात चिवचिवतं. मांजराच्या मेंदूला जागं करायला हालचाल आणि बारीक आवाज पुरेसे असतात. अंगण तेच, मांजर तेच, पण सगळा हिशेब उलटतो. तो पुन्हा सुलटा करते ती पिल्लांची आई. एरवी पायाखालून पळणारी कोंबडी पिल्लं झाल्यावर ओळखू येत नाही. मानेची पिसं फुलवून, पंख खाली ओढून, कलकलाट करत ती समोरून चालून जाते. मांजराला पाठमोरं पळणारं सावज हवं असतं, अंगावर येणारं नको. नाकावर एकदा बसलेली चोच मांजराला पुष्कळ दिवस पुरते.

पण सगळी मांजरं काही चोच खाऊनच शहाणी होत नाहीत. काही जणांचं शहाणपण त्याआधीच घडलेलं असतं, आणि मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. 1930 साली झिंग-यांग कुओ या चिनी मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने मांजराची पिल्लं तीन प्रकारे वाढवली. आईला उंदीर मारताना बघत वाढलेल्या 21 पिल्लांपैकी 18 पुढे उंदीर मारू लागली. एकटी वाढवलेल्या 20 पैकी 9 जणांनी मारले. आणि लहानपणापासून उंदरासोबत एकाच पिंजऱ्यात राहिलेल्या 18 पैकी फक्त 3 जणांनी. या तिघांनीही आपल्या सोबत्याच्या जातीच्या उंदराला हात लावला नाही. मारले ते दुसऱ्या जातीचे. उंदीर-मांजराचं वैर जन्मजात असतं असं आपण किती ठामपणे बोलतो! तेही लहानपणीच्या सहवासाने पुसलं जाऊ शकतं, तर कोंबडीची काय कथा? मांजराच्या पिल्लाचं मन साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात सर्वांत खुलं असतं. त्या दिवसांत जे आसपास वावरतं, ते त्याच्या लेखी जगाचा भाग होतं. खुराड्याशेजारच्या लाकडांच्या ढिगात जन्मलेलं पिल्लू कोंबड्यांच्या पायांतच डोळे उघडतं. म्हणूनच शहरातून आणलेला मोठा बोका आणि वाडीतलाच बोका यांना एका मापाने मोजू नये.

कोंबड्याही काही मुकाट्याने दैवावर हवाला ठेवून बसलेल्या नसतात. प्राणिवर्तनाचे अभ्यासक पीटर मार्लर, ख्रिस एव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पडद्यावर शिकाऱ्यांची चित्रं दाखवून कोंबड्यांचे आवाज अभ्यासले. वरून घार आली तर एक बारीक, लांबट शिट्टी. जमिनीवरून चालत शत्रू आला तर तुटक, वाढत जाणारा कोलाहल. नुसत्या आवाजाचं ध्वनिमुद्रण ऐकवलं तरी पहिल्याला कोंबड्या आडोशाला पळतात, दबकतात, वर बघतात. दुसऱ्याला माना ताठ करून आजूबाजूला न्याहाळतात. घारीचा इशारा कोंबडा एकटा असताना कमी देतो, जवळ कोंबडी असली की जास्त. रोज दिसणाऱ्या घरच्या मांजराची त्यांना सवय होते. अचानक गलका झालाच, तर मुंगूस किंवा परका बोका आला असेल असं समजून बाहेर धावावं.

मांजर आणि कोंबडी मुळात एका अंगणात आले कसे? धान्यामुळे. पश्चिम आशियात लोक धान्य साठवू लागले, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. कोंबडीची गोष्ट आशियाच्या दुसऱ्या टोकाची, आग्नेय आशियातली. तिथल्या तांबड्या रानकोंबड्याला भाताच्या शेतांनी माणसाजवळ ओढलं असं 2022 साली प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं. आणि या कोंबडीत थोडा सह्याद्रीही आहे. तिचे पिवळे पाय ज्या जनुकामुळे असतात, ते तांबड्याकडून आलेलं नाही. ते आलं आपल्या रानांत आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या जातीकडून. आजही खुराड्यात सांडलेल्या कण्यांवर उंदीर-घुशी येतात, अंडी आणि पिल्लं पळवतात, आणि मांजर त्यांच्यावर पाळत ठेवतं. हजारो वर्षांपूर्वीचा तो व्यवहार आपल्या परसात अजून चालू आहे.

मात्र पोट भरलेलं मांजर शिकार करत नाही, हा समज सोडावा. भूक आणि शिकार मांजराच्या ठायी बऱ्याच अंशी वेगळ्या आहेत. तरी उपाय आहेत. इंग्लंडमध्ये 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांसयुक्त, धान्यविरहित खाद्य दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार 36 टक्क्यांनी घटली, तर रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्याने 25 टक्क्यांनी. उरलेलं काम वेळ सांभाळण्याचं. कोंबडीला दिवसा आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात, अतिनील किरणंसुद्धा. पण अंधार पडला की ती जवळजवळ आंधळी. मांजराला आपल्या सहाव्या हिश्श्याएवढा उजेड पुरतो. दिवसा बरोबरीने वावरणारे हे दोघे रात्री बरोबरीचे राहत नाहीत. दिवेलागणीआधी खुराडं बंद व्हायला हवं, आणि जाळी इतकी बारीक हवी की पंजा आत जाणार नाही. तीच जाळी कांडेचोर, बाऊल अशा रानातल्या शिकाऱ्यांनाही अडवते.

एका धोक्याबद्दल मात्र गंभीर व्हायला हवं. महाराष्ट्रात नवापूरला 2006 साली बर्ड फ्लू आला तेव्हा सगळं लक्ष कोंबड्यांवर होतं. पण हा विषाणू मार्जारकुळालाही मारतो. 2024 च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्यानेच दगावले. म्हणून कोंबड्या अचानक मरू लागल्या तर मेलेला पक्षी मांजराला मिळू देऊ नका, स्वतःही उघड्या हाताने उचलू नका, आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. कोंबडीची कच्ची आतडी मांजरापुढे टाकण्याची सवय एरवीही बंद करा.

आणि खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवाल तेव्हा एकविसाव्या दिवसाआधी डालगं तयार ठेवा. पिल्लं पहिले काही आठवडे त्याखाली राहू द्या, वर एक जड दगड ठेवा, आणि मोकळी सोडाल तेव्हा आईसोबतच सोडा.